श्वासाचा पहारा

मराठी भाषेंत श्वासाच्या दुखण्यास शब्दांची वाण नाहीं. चढण चढणाऱ्यास धाप लागते. दमेकऱ्याचा दम कोंडतो. तान्ह्या मुलाच्या बरगड्या आंत ओढूं लागल्या म्हणजे घरच्या म्हाताऱ्या त्यास डबा झाला असें म्हणतात. मरणोन्मुख माणसास घरघर लागते आणि अगदीं शेवटीं ऊर्ध्व लागतो. आसन्नमरण रुग्णाच्या नाकाशीं सूत धरून तें हालतें कीं नाहीं हें पाहण्याची रीत तर बोलण्यांत म्हणीसारखी रूढ झाली आहे. श्वास बिघडल्याचें ओळखण्यास आमच्या पूर्वजांना कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती, हें या शब्दांवरून उघड दिसतें. रुग्णाच्या उशाशीं पिढ्यान्‌पिढ्या बसून त्यांनीं तें पाहिलें होतें. परंतु ओळखल्यानंतर करावयाचें काय, या प्रश्नास त्या शब्दांत उत्तर नाहीं. घरघर लागली म्हणजे आप्तमंडळी जमत, तोंडांत गंगोदक घालीत आणि रुग्णास अंथरुणावरून भुईवर घेत. लक्षण दिसलें कीं निकाल लागला, अशी ती समजूत होती.

शास्त्रकारांची दृष्टिही याहून फारशी निराळी नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत हिक्का व श्वास यांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे श्वासाचे पांच प्रकार सांगून त्यांपैकीं पहिले तीन प्राणघातक ठरविले आहेत. आपल्या बोलींतला 'ऊर्ध्व' तो यांतीलच होय. ग्रीस देशांत हिपॉक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांपैकीं पूर्वलक्षणांच्या ग्रंथांतही श्वासाच्या लक्षणांवरून रोगी जगेल कीं मरेल हें ताडण्याचे नियम दिले आहेत. असाध्य रोग वेळींच ओळखून त्यास हात न लावणें यांत जुन्या वैद्याची अब्रू असे. त्याबद्दल त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. उपाय हातीं नसतां निदान खरें सांगणें एवढेंच त्याच्या स्वाधीन होतें.

गेल्या दोन शतकांत ही स्थिति पालटली. जें लक्षण पूर्वीं निकाल वाटे तें हळूहळू हांक वाटूं लागलें. घरघर ऐकतांच धांवून जावें, घसा मोकळा करावा, नळी घालावी, पिशवी दाबावी, असें माणसें शिकलीं. या स्थित्यंतराचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा व तीं शोधून काढणाऱ्या डॉक्टरांचा म्हणून लिहिला जातो. आम्हांस तो अपुरा वाटतो. हांकेचा उपयोग व्हावयाचा तर ती ऐकणारें कोणी तरी त्या क्षणीं जवळ असावें लागतें. तापाची चढउतार तासांच्या हिशेबानें चालते; श्वास बंद पडल्यावर मात्र चारपांच मिनिटांतच मेंदूस कायमची इजा होऊं लागते. सकाळसंध्याकाळ फेरी घालणाऱ्या डॉक्टरच्या हातून हें राखण होणें शक्य नाहीं. येथें पहारा हवा, आणि तो पहारा आरंभापासून शुश्रूषा करणाऱ्या माणसांनींच केला आहे. त्यांत स्त्रिया बहुसंख्य, आणि त्यांचीं नांवें बहुधा कोठेंच नोंदलेलीं नाहींत.

पहिलें उदाहरण सुइणींचें. जन्मतांच न रडणाऱ्या मुलाच्या तोंडांत आपल्या तोंडानें हवा फुंकण्याची युक्ति युरोपांतील सुइणींस फार पूर्वींपासून ठाऊक होती. विद्वान वैद्यांस मात्र ती गांवढळ वाटे. अठराव्या शतकांत बुडालेल्या माणसांस पुन्हा जिवंत करण्याच्या हेतूनें १७६७ सालीं ॲम्स्टरडॅम येथें व १७७४ सालीं लंडन येथें मंडळ्या निघाल्या. त्यांच्या उपायांत तोंडानें फुंकणें होतें. पुढें त्याच्या जागीं लोहाराच्या भात्यासारखा भाता आला. परंतु १८२७ च्या सुमारास पॅरिस येथें लरॉय यानें प्राण्यांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, भात्याची हवा जोरानें शिरली तर फुप्फुस फाटून प्राणी मरतो. त्यानंतर भाता मागें पडला, आणि पुढील शंभर वर्षें छाती व पाठ दाबण्याच्या नाना रीति प्रचारांत आल्या. बाल्टिमोर येथील पीटर सफर व बफेलो येथील जेम्स एलॅम यांनीं १९५० नंतरच्या दशकांत प्रयोग करून सिद्ध केलें कीं, पाठ दाबण्यापेक्षां तोंडानें फुंकलेली हवाच फुप्फुसांत खरोखर पोंचते. सुइणीची युक्ति अशा रीतीनें दोनशें वर्षांनीं शास्त्राच्या दरबारांत परत आली.

दुसरें उदाहरण घटसर्पाचें. या रोगांत मुलाच्या घशांत राखाडी पापुद्रा वाढत जातो आणि अखेर श्वासाची वाट बुजते. मूल अंथरुणावर उठून बसतें, मान ताणतें, श्वास घेतांना कोंबड्याच्या आरवण्यासारखा आवाज होतो, गळ्याखालचा खळगा व बरगड्यांमधील जागा आंत ओढली जाते, ओंठ निळे पडतात. फ्रान्समधील ब्रेतोनो यानें १८२५ सालीं श्वासनलिकेस बाहेरून छेद देऊन अशा एका मुलीचे प्राण वाचविले. त्याचा शिष्य त्रूसो यानें ही शस्त्रक्रिया शेंकडों मुलांवर करून तिचा प्रसार केला. १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें जोसेफ ओड्वायर यानें छेद न देतां तोंडावाटें घशांत नळी बसविण्याची रीत काढली. हीं नांवें वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासांत आढळतात, आणि तीं आढळावींत हें योग्यच आहे. तथापि शस्त्रवैद्याचें काम कांहीं मिनिटांत आटोपे. त्यानंतरची रात्र दुसऱ्याच कोणाची असे. नळींत कफ व पापुद्रे अडकले कीं मूल पुन्हा गुदमरे. यासाठीं नळी दुहेरी करीत, म्हणजे आंतली काढून स्वच्छ करून परत घालतां येई. ती कधीं काढावयाची, हें घड्याळावरून ठरत नसे. श्वासाचा आवाज किंचित् बदलला, शिटीसारखा सूर उमटला, मूल चुळबुळ करूं लागलें, यांवरून तें ठरे. डॉक्टरला बोलावून आणीपर्यंत वेळ उरत नसे. म्हणून या एका कामांत तरी आज्ञेची वाट न पाहतां स्वतःच्या निर्णयानें हात घालण्याचा अधिकार परिचारिकेकडे आला. १८९४ सालीं रू यानें घटसर्पाच्या प्रतिविषाचे परिणाम जाहीर केल्यानंतर या रोगाचा जोर ओसरत गेला. परंतु नळीच्या राखणीची विद्या शुश्रूषेच्या पदरीं कायमची पडली.

तिसरें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें, व तें विसाव्या शतकांतलें आहे. पोलिओ, ज्यास आपल्याकडे बालपक्षाघात म्हणत, हा रोग हातापायांबरोबर केव्हां केव्हां श्वासाच्या स्नायूंवरही झडप घालतो. अशा रुग्णांसाठीं १९२८ सालीं बोस्टन येथें ड्रिंकर व शॉ यांनीं लोखंडी फुप्फुस तयार केलें. रुग्णास एका पिंपांत निजवून डोकें तेवढें बाहेर ठेवावयाचें. पिंपांतील हवेचा दाब आळीपाळीनें कमीजास्त झाला म्हणजे छाती आपोआप फुगे व बसे. यानें पुष्कळांचे प्राण वाचले. परंतु ज्यांची गिळण्याची शक्तिच नष्ट झाली होती, त्यांची लाळ व कफ घशांतून फुप्फुसांत उतरे, आणि यंत्र चालूं असतांही ते आपल्याच लाळेंत बुडून मरत.

१९५२ सालच्या उन्हाळ्यांत डेन्मार्कच्या राजधानींत, म्हणजे कोपनहेगन येथें, पोलिओची भयंकर सांथ आली. सांसर्गिक रोगांच्या ब्लेगडम रुग्णालयांत त्या वर्षाच्या उत्तरार्धांत अडीच हजारांहून अधिक रुग्ण दाखल झाले, व त्यांपैकीं तीनशेंहून अधिकांचा श्वास धोक्यांत आला. सांथीच्या ऐन भरांत दिवसाला पन्नासपर्यंत नवे रुग्ण येत. रुग्णालयाजवळ लोखंडी फुप्फुस एकच होतें. छातीवर बांधावयाचीं लहान यंत्रें सहा होतीं. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले.

या मृत्यूंविषयीं एक कोडें होतें. पुष्कळ रुग्णांस प्राणवायु दिला जात असल्यानें त्यांचा रंग निळा नसे; तरीही ते घामानें डबडबत, त्यांचा रक्तदाब चढे, आणि ते गुंगींत जाऊन मरत. रक्ताच्या परीक्षेंत क्षारांचें प्रमाण वाढलेलें दिसे, आणि रोगाच्या विषामुळें रक्त क्षारधर्मी झालें आहे असें त्याचें स्पष्टीकरण देण्यांत येई. प्रमुख डॉक्टर लासेन यांनीं सल्ल्यासाठीं ब्यॉर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरास बोलाविलें. शस्त्रक्रियागृहांत भूल दिलेल्या माणसाचा श्वास रोज हातानें चालविणाऱ्या त्या गृहस्थानें सांगितलें कीं, हें विष रोगाचें नसून श्वासाचें आहे. प्राणवायु आंत जातो म्हणून रंग चांगला दिसतो; परंतु छाती पुरती हालत नसल्यामुळें कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडत नाहीं, तो रक्तांत सांचतो, आणि रक्त प्रत्यक्षांत आम्लधर्मी होतें.

२७ ऑगस्ट १९५२ रोजीं याची परीक्षा झाली. चारही हातपाय लुळे पडलेली, तापानें फणफणलेली, कफांत गुदमरणारी एक १२ वर्षांची मुलगी निवडण्यांत आली. तिच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी घातली, नळीस रबरी पिशवी जोडली आणि पिशवी हातानें दाबून छाती भरण्यास आरंभ केला. प्रथम मुलगी इतकी झगडूं लागली कीं हवा आंत जाईना. इब्सेन यांनीं तिला गुंगीचें औषध दिलें. झगडा थांबला, छाती भरूं लागली, आणि थोड्याच वेळांत घाम ओसरून तिची त्वचा कोरडी व गुलाबी झाली. पुढें मुद्दाम पडताळा घेण्यासाठीं तिला पुन्हा छातीच्या यंत्रावर ठेवलें, तेव्हां प्राणवायूचें प्रमाण ठीक असतांही तीं सर्व दुश्चिन्हें परत आलीं. पिशवी हातीं घेतांच तीं गेलीं. ती मुलगी वाचली.

आतां प्रश्न हातांचा होता. असे रुग्ण एका वेळीं सत्तरपर्यंत असत, आणि प्रत्येकाची पिशवी मिनिटाला वीसएक वेळां, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे दाबावयाची होती. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस बोलावण्यांत आलें. पाळीपाळीनें सुमारें दीड हजार विद्यार्थी येऊन गेले, आणि त्या सर्वांनीं मिळून सुमारें १,६५,००० तास पिशवी दाबली. गळ्यांत नळी असलेल्या मुलास बोलतां येत नाहीं. म्हणून विद्यार्थी त्याच्या ओंठांच्या हालचालीवरून त्याचें मागणें ओळखण्यास शिकले. परिचारिका कफ ओढून काढीत, रुग्णास कुशीवर वळवीत, नळी राखीत. श्वासाचे स्नायु गमावलेल्या रुग्णांत जेथें शेंकडा ८७ मरत होते, तेथें तें प्रमाण पुढें शेंकडा २५ च्या आसपास आलें. पुढील वर्षीं, डिसेंबर १९५३ मध्यें, इब्सेन यांनीं त्याच शहराच्या दुसऱ्या एका रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्णांसाठीं एक स्वतंत्र कक्ष उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथून मानतात.

या प्रसंगाकडे यंत्राच्या अभावीं माणसांनीं निभावून नेलेली अडचण म्हणून पाहण्याची चाल आहे. आमचें मत वेगळें आहे. त्या पिशवीच्या मागें जो हात होता त्याच्यामागें एक जोडी डोळेही होते, हें लासेन व इब्सेन यांच्या यशाचें अर्धें कारण होय. पिशवी दाबणाऱ्यास छाती कडक झाल्याचें बोटांना कळे. कफ साठल्याचें कानांना कळे. कपाळावर घाम आल्याचें डोळ्यांना दिसे. एका रुग्णापाशीं एक माणूस चोवीस तास, असा पहारा जगाच्या इतिहासांत कोणत्याही रुग्णालयांत तोंपर्यंत मोठ्या प्रमाणावर बसला नव्हता. नव्या विभागांत पुढें यंत्रें आलीं. परंतु त्या विभागाचा आत्मा म्हणजे रुग्णाजवळून न हालणारी परिचारिका हाच राहिला.

कोपनहेगनचा दुसरा धडा ओळखण्याविषयींचा आहे, व तो आजही तितकाच लागू आहे. निळेपणा दिसत नाहीं म्हणून श्वास ठीक आहे असें मानणें घातक ठरतें. जपानमध्यें ताकुओ आओयागी यांच्या १९७४ मधील शोधामुळें बोटाला चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र जगभर पसरलें. हा उपकार मोठा आहे. पण हें यंत्र प्राणवायु मोजतें, कार्बन डाय-ऑक्साइड मोजत नाहीं. प्राणवायु सुरूं असलेल्या रुग्णाचा आंकडा बराच वेळ समाधानकारक राहतो, आणि तोंवर तो गुंगींत उतरत असतो. बोट गार पडलें, नखाला रंग असला, तरी आंकडा फसवूं शकतो. काळ्या कातडीच्या रुग्णांत हें यंत्र खरा अभाव झांकून चांगला आंकडा दाखविण्याचा संभव गोऱ्यांच्या सुमारें तिप्पट असल्याचें अमेरिकेंतील एका अभ्यासांत २०२० सालीं आढळलें. आपल्या देशांतील वाचकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उलटपक्षीं, २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या सांथींत असेही रुग्ण सर्वत्र दिसले कीं, ज्यांचा प्राणवायु धोकादायक पातळीस उतरला असतां ते खुशाल गप्पा मारीत बसले होते. तेथें डोळे चुकले आणि यंत्रानें सत्य सांगितलें. तात्पर्य, डोळा आणि यंत्र यांनीं एकमेकांची साक्ष तपासावी. एकानें दुसऱ्यास रजा देऊं नये.

सर्वांत स्वस्त साक्ष मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे श्वासांची मोजणी. नाडी, ताप व रक्तदाब यांस उपकरणें आहेत. श्वास मोजण्यास घड्याळ व एक मिनिटाची स्वस्थता पुरते, आणि नेमकी तीच गर्दीच्या वॉर्डांत मिळत नाहीं. मग तक्त्यावर अंदाजानें अठरा किंवा वीस लिहिलें जातें. ही केवळ हिशेबांतली लबाडी नव्हे. तींत पुढील संकटाची पूर्वसूचना बुडते. शरीर प्रथम श्वास वाढवून तूट भरून काढतें. रक्तदाब पुष्कळ उशिरां कोसळतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या व २०१७ मध्यें सुधारलेल्या गुणांकपद्धतींत म्हणूनच श्वासास मानाचें स्थान आहे. प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असले तर शून्य गुण. २१ ते २४ असले तर दोन. २५ वा अधिक झाले, किंवा ८ वा कमी झाले, तर तीन. कोणत्याही एका लक्षणास तीन गुण मिळाले तर वरिष्ठांस तातडीनें कळवावयाचें. येथें लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी कीं, श्वास मंदावणेंही वेगाइतकेंच भयसूचक मानलें आहे. धापा टाकणारा रुग्ण एकाएकीं शांत झाला तर नवख्यास तो सुधारल्यासारखा वाटतो. अनुभवी परिचारिका त्या शांततेनेंच दचकते. तो थकला आहे, हें तिला कळतें.

ओळखल्यावर करावयाच्या पहिल्या गोष्टी फार नाहींत, आणि त्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकविल्या जातात. मदत बोलवावी, परंतु स्वतः रुग्णास सोडून जाऊं नये. शुद्धीवर असेल तर उठवून टेकून बसवावें. बेशुद्ध असेल तर मान मागें करून हनुवटी वर उचलावी, म्हणजे मागें पडलेली जीभ वाट मोकळी करते. मानेस मार लागल्याचा संशय असल्यास मान न वळवितां केवळ जबडा पुढें ओढावा. घशांतील कफ, रक्त वा ओकारी काढावी. प्राणवायु लावावा. छाती दोन्ही बाजूंनीं सारखी उचलते कीं नाहीं हें पाहावें, कान देऊन ऐकावें. श्वास अपुरा असेल तर मुखवटा चेहऱ्याशीं घट्ट बसवून पिशवी दाबावी, व तीही छाती उचलेल इतकीच, कारण लरॉयनें सांगितलेला धोका आजही टळलेला नाहीं. जुनाट श्वासरोगानें ज्यांच्या शरीरांत कार्बन डाय-ऑक्साइड साठण्याची खोड लागली आहे, त्यांस प्राणवायु सढळ न देतां रक्तांतील त्याचें प्रमाण शेंकडा ८८ ते ९२ राहील इतकाच द्यावा. कोपनहेगनला जें कोडें पडलें होतें त्याचेंच हें उत्तर होय.

हें सर्व मोठ्या रुग्णालयांचें वैभव आहे, खेड्याला त्याचें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या महाराष्ट्रांतच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' या संस्थेच्या द्वारें १९८८ पासून बालकांच्या न्युमोनियावर काम आरंभिलें. लहान मुलाचे श्वास मिनिटाला पन्नासांवर गेले तर न्युमोनिया समजून औषध सुरूं करावें, हा नियम सोपा होता. परंतु गांवच्या दायांस पन्नासांपर्यंत मोजतां येत नव्हतें. तेव्हां मणी ओवलेली एक चौकट व एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ असें साधन बनविण्यांत आलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मणी सरकला तर मूल आजारी. अक्षरशत्रु म्हणून जिला कोणी विचारीत नव्हतें ती स्त्री या साधनानें निदान करूं लागली. बालमृत्यु घटल्याची हकीकत १९९० सालीं 'लॅन्सेट' या जुन्या व मान्य इंग्रजी साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. पुढें त्याच जिल्ह्यांत आरोग्यदूत स्त्रियांस, जन्मतांच न रडणाऱ्या बाळाचा श्वास पिशवी व मुखवटा यांनीं सुरूं करण्यास शिकविण्यांत आलें. ही आपोआप फुगणारी पिशवीही मूळची डेन्मार्कचीच. कोपनहेगनच्या सांथीनंतर चार वर्षांनीं, १९५६ सालीं, ती प्रथम बाजारांत आली. सुइणीनें तोंडानें फुंकावयाचें, वैद्यानें तिला हिणवावयाचें, आणि अखेर शास्त्रानें नवें साधन घेऊन पुन्हा सुइणीच्याच झोपडींत यावयाचें, असा हा पूर्ण फेरा आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, २०२१ सालीं, प्राणवायूसाठीं देशभर हाहाकार झाला, तेव्हां नंदुरबार जिल्ह्यांतून अशीच एक साधी योजना पुढें आली. रुग्णांच्या प्राणवायूच्या पातळीवर व नळीच्या प्रवाहावर लक्ष ठेवण्यासाठीं खास परिचारिका नेमण्यांत आल्या, व त्यांस 'ऑक्सिजन नर्स' असें नांव पडलें. ज्यास कमी पुरतो त्याचा प्रवाह कमी करावयाचा, ज्याची पातळी उतरते त्याकडे वेळींच धांवावयाचें. दुर्मिळ वस्तूची काटकसर आणि रुग्णाचें रक्षण हीं दोन्ही कामें एकाच पहाऱ्यानें साधतात, हें त्यावरून दिसलें.

एवढ्या इतिहासावरून आम्ही जो निष्कर्ष काढतों तो असा. श्वासाच्या संकटांत प्राण वाचतो तो तीन गोष्टी एकत्र आल्यानें: पाहणारें माणूस जवळ असणें, त्यास पाहण्याची विद्या असणें, आणि त्याच्या शब्दास मान असणें. यांपैकीं विद्या देण्याची सोय आपण पुष्कळ केली आहे. माणूस जवळ ठेवण्याची तजवीज मात्र अपुरी आहे. रात्रीच्या पाळीस भरलेल्या वॉर्डांत एकटी परिचारिका एका खाटेपाशीं औषध देत असतां पलीकडच्या खाटेवरची घरघर तिच्या कानीं पडणार कशी? आपल्याकडे ही उणीव बहुधा रुग्णाचे आप्त भरून काढतात. आई, सून, भाऊ यांपैकीं कोणी तरी खाटेखालीं सतरंजी अंथरून रात्र जागतें. बदल पहिल्यानें त्यांनाच दिसतो. परंतु काय पाहावयाचें हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें, आणि "यांना कसें तरी होतंय हो सिस्टर" या त्यांच्या सांगण्यास वजन नसतें. बोलतांना वाक्य तुटतें का, झोप अनावर झाली आहे का, नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली जागा ओढते का, एवढ्या चार खुणा दाखल होतांनाच त्यांस समजावून देण्यास किती वेळ लागेल?

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती पैशानें विकत मिळत नाहीं. परिचारिकेनें रात्रीं दोन वाजतां डॉक्टरास उठवून "रुग्णाचा श्वास मला ठीक वाटत नाहीं" असें म्हटलें, आणि तपासणींत कांहीं विशेष निघालें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं तिच्या वांट्यास काय येतें, यावर त्या रुग्णालयांतील पुढील रुग्णाचा जीव अवलंबून असतो. शंभरांत नव्वद वेळां हांक व्यर्थ गेली तरी चालेल, परंतु ती देणाऱ्याची जीभ आडखळूं नये. घटसर्पाच्या वॉर्डांत नळी काढण्याचा अधिकार परिचारिकेस मिळाला तो कोणी कृपा केली म्हणून नव्हे. वाट पाहणें अशक्य होतें म्हणून. तें अशक्यत्व आजही तसेंच आहे. आमच्या पूर्वजांनीं ऊर्ध्व ओळखून गंगोदक आणलें, कारण त्यांजपाशीं दुसरें कांहीं नव्हतें. आपल्यापाशीं नळी आहे, पिशवी आहे, प्राणवायु आहे. आतां उशाशीं जागणाऱ्या माणसाची संख्या, त्याची विद्या व त्याचा अधिकार हींच काय तीं पुरीं करावयाचीं राहिलीं आहेत.